मिठागरावरील पंगत

थंडीच्या दिवसांत मुलांना घेऊन कोठें जावें, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांत पडतो. गेल्या माघांत एका पक्षिनिरीक्षक मंडळीबरोबर आम्ही घरांतील सातजण भाईंदरच्या मिठागरांवर गेलों. सत्तरी ओलांडलेल्या काकू सर्वांत वडील, सात वर्षांचा पुतण्या सर्वांत लहान.

निघण्याची वेळ भरती पाहून ठरविली होती. ओहोटीला वसईच्या खाडीचा चिखल उघडा पडतो व पक्षी त्यांतील किडे टिपीत दूरवर विखुरतात. भरतीनें तो बुडाला, कीं ते मिठागरांत विसाव्यास येतात. मिठागरांत भरतीचें पाणी बांधाच्या दारानें आंत घेतात व वाफ्यावाफ्यांतून फिरवून उन्हानें आटवितात. त्यामुळें प्रत्येक वाफ्याची खोली निराळी, आणि ज्याचे पाय जेवढे, तेवढ्या पाण्यांत त्याचें पान! चिखल्या कांठावर, तुतारी उथळ पाण्यांत, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या त्याहून पुढें. “आपल्या पंगतीपेक्षां ही शिस्तीची,” काकू म्हणाल्या.

एवढ्यांत पुतण्यानें ढेकूळ उचललें. त्याला सारा थवा उडतांना पाहावयाचा होता. मंडळींतील एका गृहस्थांनीं त्याला जवळ बसवून दुर्बिणींतून छोटा टिलवा दाखविला. “याचें वजन जेमतेम तीस ग्रॅम. सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून हजारों मैल उडून हा येथें येतो. परतीची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. आपण उगाच उडविला, तर ती वाटेआधींच सरूं लागते.” मुलानें ढेकूळ हलकेंच खालीं ठेवलें.

पण ही शिकवण एकट्या मुलालाच कां? मीठ पिकविणें थांबलें, कीं बांधाचें दार राखणारा उरत नाहीं. मग कोठें वाफा कोरडा पडतो, कोठें त्यावर भराव येतो. उडविलेला पक्षी पुन्हां उतरेल. बुजविलेल्या वाफ्यांत तो उतरणार कोठें?

मारुती चितमपल्ली व सालीम अली यांच्या जन्मदिवसांमधील, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरचा, आठवडा महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह म्हणून पाळतात. त्या निमित्तानें मुलांना एकदां आगरावर न्यावें. पानांत आपण प्रथम मीठ वाढतों. तें पिकतें तेथें आणखी कोणाकोणाचें पान मांडलेलें असतें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहावें.