विरोधकाचा पत्ता ठाऊक असलेला काळ

१/ १८९१ च्या आरंभी पुण्यात संमतिवयाच्या विधेयकावरून रण माजले. मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेणे, एवढाच तो प्रस्ताव. टिळकांचा ‘केसरी’ त्याच्या विरोधात, तर आगरकरांचा ‘सुधारक’ त्याच्या बाजूने. अवघ्या काही वर्षांपूर्वी आगरकर स्वतःच ‘केसरी’चे संपादक होते. १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी गोखल्यांना सोबत घेऊन ‘सुधारक’ काढला.

२/ भ्रमणध्वनीवर प्रत्येकाला त्याच्या आवडीची बातमी वाढून देणाऱ्या यंत्रणेविषयी बोलताना हा प्रसंग आठवतो. आपल्याच मताचे पत्र घेण्याची खोड काही नवी नाही. ‘केसरी’चे निष्ठावंत ‘सुधारक’ विकत घेत असतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

३/ तरीही ‘केसरी’च्या वाचकाला सुधारकांची मते टाळता येत नव्हती. ती त्याच्याच पत्रात खंडनासाठी येत. खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, हा आपल्याकडील वादाचा जुना दंडक. तो मोडून-मुरडून मांडला जाई, हे खरे. पण ज्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली, त्यांनाही आपण कोणत्या मताची तिरडी बांधत आहोत, हे ठाऊक होते.

४/ आता अलीकडचा इतिहास. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने शोधाचे निकाल व्यक्तिगणिक बदलण्याची सोय खाते न उघडलेल्यांनाही लागू केली. एकच शब्द शोधणाऱ्या दोघांना दोन वेगळ्या याद्या दिसू लागल्या. २०११ मध्ये एली पॅरिसर या अमेरिकी कार्यकर्त्याने या स्थितीला ‘फिल्टर बबल’ असे नाव दिले. नाव इतके चपखल की पुराव्याची वाट न पाहताच ते जगभर रुजले.

५/ पुरावा मात्र गुंतागुंतीचा निघाला. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात संशोधकांनी फेसबुकच्या २३,००० हून अधिक वापरकर्त्यांवर प्रयोग केला. समविचारी स्रोतांकडून त्यांना दिसणारा मजकूर सुमारे एक तृतीयांशाने घटवला. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले : लोकांच्या राजकीय मतांत मोजता येईल असा बदल झाला नाही. हा प्रयोग फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या सहकार्याने झाला होता, हे ध्यानात ठेवावे. पण तेवढ्यावरून तो झटकून टाकणे इष्ट नव्हे.

६/ त्याआधी, २०१८ मध्ये, ट्विटरवरील एका प्रयोगात लोकांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूची मते वाचायला लावली गेली. रिपब्लिकन पक्षाचे सहभागी त्यामुळे मवाळ झाले नाहीत; उलट अधिकच कडवे झाले. ‘दुसरी बाजू दाखवा, म्हणजे माणूस समंजस होईल’ हा सुविचार शाळेच्या फळ्यावर शोभतो.

७/ म्हणजे चिंता निराधार आहे काय? नाही; ती चुकीच्या जागी केली जात आहे. मते बदलली की नाही, हे तीन महिन्यांच्या प्रयोगात मोजता येते. परंतु समाजाजवळ भांडायला एकच विषय उरला आहे की नाही, हे त्या मोजपट्टीत बसत नाही. १८९१ च्या पुण्यात दोन्ही पक्ष एकाच विधेयकावर भांडत होते. आज शेजारच्या घरात कोणती बातमी ‘मोठी’ ठरली, याचा मागमूसही अनेकांना नसतो. विरोधक दिसतोच, नाही असे नाही. पण त्याचे सर्वांत मूर्ख वाक्य तेवढे दिसते.

८/ छापील पत्रांचे गोडवे गाणाऱ्यांनी १९२० हे वर्षही विसरू नये. डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारीला निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले. दरवाजे तेव्हाही बंद होत आणि ते कोणासाठी बंद होत, हेही उघड होते.

९/ मात्र त्या नकाराला नाव होते. कोणी नाकारले, कोणाला नाकारले, हे सांगता आले. म्हणून आज शंभर वर्षांनंतरही जाब विचारता येतो. एखादा लेख क्रमवारीत तळाशी ढकलला गेला, तर तो नाकारला गेला हे वाचकाला कळत नाही. अनेकदा लेखकालाही नाही.

१०/ इतिहासप्रेमींच्या दृष्टीने यातली सर्वांत बोचरी बाब वेगळीच. ‘केसरी’ची जुनी फाईल उघडली, की १८९१ च्या एखाद्या मंगळवारी त्याच्या वाचकापुढे काय होते, ते अक्षरशः दिसते. जाहिरातींसकट. २०२४ च्या एखाद्या मंगळवारी पुण्यातल्या एका तरुणाच्या पडद्यावर कोणत्या क्रमाने काय सरकले, याची फाईल कोणत्याही ग्रंथालयात नाही. तो अंक एकाच वाचकासाठी निघाला होता आणि बोट फिरताच रद्दीतही न जाता नाहीसा झाला. आजच्या काळाचे लोकमत कसे घडले, हे उद्या लिहू पाहणाऱ्या संशोधकाला लोक काय बोलले ते सापडेल. त्यांनी काय वाचून ते बोलले, ते त्याला अंदाजानेच लिहावे लागेल.