नकाशाची मुदत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी वैद्यकीय लिहावे, अशी संपादकांची सूचना होती. मधुमेहावर आणि रक्तदाबावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत व ते माझ्यापेक्षा सरस लिहितात. म्हणून मी थोडी आडवाट धरतो. आपणा सर्वांच्या गाडीत असलेल्या, पण आपण क्वचितच निरखून पाहिलेल्या एका गोष्टीविषयी मला लिहावयाचे आहे: डॅशबोर्डवरील पडदा आणि त्यातील नकाशा.

९ जुलै २०२५ रोजी पादरा तालुक्याला आणंद जिल्ह्याशी जोडणारा, मही नदीवरील गंभीरा पूल कोसळला, हे बडोदेकरांना सांगावयास नको. १९८५ साली वाहतुकीस खुला झालेल्या त्या पुलाचा एक भाग धावत्या वाहनांसह नदीत गेला. त्या दिवसाच्या आठवणी आपल्यापैकी काहींच्या मनात अजून ताज्या असतील. त्यानंतर तीनेक महिन्यांनी, दिवाळीत, पुण्याहून आलेला माझा भाचा पादऱ्याच्या माझ्या साप्ताहिक दवाखान्यातून माझीच गाडी घेऊन बोरसदला निघाला. त्याच्या फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून त्याने गाडीतील नकाशा लावला. त्या नकाशाच्या लेखी पूल शाबूत होता. पूल पडल्याची बातमी भाच्याने पुण्यात ऐकली होती, पण तो पूल हाच, हे त्याला कोठून कळणार? सुदैवाने रस्ता अडवलेला होता आणि चहाच्या टपरीवरच्या गृहस्थाने त्याला उमेट्याच्या पुलावरून जाण्यास सांगितले. रात्री परतल्यावर तो म्हणाला, "मामा, तुमच्या गाडीने मला नदीपर्यंत आणले. पलीकडे न्यायचा तिचा विचार होता, एवढेच." घरात सगळे हसले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दोष माझा होता, हे आधी मान्य करतो. त्यापूर्वीच एकदा इशारा मिळाला होता. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा बडोदा-भरूच टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत खुला झाला. त्यावरून प्रथम जाताना पडद्यावरचा बाण रस्ता सोडून मोकळ्या शेतातून चालला होता आणि आतील बाई मला पुन्हा पुन्हा मागे वळण्याची विनंती करीत होत्या. सौभाग्यवतींची त्यावर चांगली करमणूक झाली. आम्ही हसलो आणि विसरलो. चुकत होता तो उपग्रह नव्हे. नागरी वापराच्या संकेतात अमेरिकेने मुद्दाम मिसळलेली चूक २००० सालच्या मे महिन्यातच काढून टाकली. तेव्हापासून आपण कोठे आहोत, हे आपल्याला काही मीटरच्या फरकाने कळते. परंतु आपण जेथे आहोत तेथे काय आहे, हे उपग्रह सांगत नाही. ते नकाशा सांगतो, आणि माझा नकाशा २०१६ चा होता. ही तारीख शोधण्यासाठी मला पडद्यावरील चार दालने उघडावी लागली.

औषधाच्या पट्टीवर मुदतीची तारीख नसेल तर आपण ती हातात धरीत नाही. मग ज्या वस्तूच्या भरवशावर आपण मध्यरात्री अनोळखी गावी रुग्ण पाहण्यास निघतो, तिची तारीख चार दालनांच्या आत का असावी? गाडी सुरू होताच पडद्यावर "हा नकाशा अमुक सालचा" एवढे एक वाक्य उमटविणे कोणत्याही उत्पादकास जड नाही. नकाशाच नसता तर भाच्याने वाटेत दोन ठिकाणी विचारले असते. जुना नकाशा असल्यामुळे त्याने कोणालाही विचारले नाही.

दिवाळीनंतर मी गाडी घेऊन सेवा केंद्रात गेलो. या मॉडेलसाठी नवे नकाशे येणे बंद झाले आहे, असे तेथील तरुणाने अत्यंत नम्रपणे सांगितले व संपूर्ण पडदाच बदलून घेण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकून मी चहा अर्धाच ठेवला. गाडीचे इंजिन अजून उत्तम आहे; दहा वर्षेही न झालेल्या गाडीचा नकाशा तेवढा मृत घोषित होतो. विकताना "अंगभूत नेव्हिगेशन" म्हणून पैसे घेतले जातात, तर ते किती वर्षे अद्ययावत मिळेल, हेही विक्रीच्या कागदावर लेखी असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नकाशा आणि सॉफ्टवेअर या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या निमित्ताने कळले. नकाशा मिळाला नाही तरी पडद्याचे शेवटचे सॉफ्टवेअर उपलब्ध होते. ते मी संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवर घेतले आणि एका रविवारी, मोकळ्या अंगणात, इंजिन चालू ठेवून गाडीत घातले. पाऊण तास काहीही दाबायचे नाही, बंद करायचे नाही. अर्धवट राहिले तर पडदा कायमचा मूक होण्याची भीती. शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या नातेवाइकांची अवस्था मला त्या दिवशी पुरेपूर समजली. हा खटाटोप केवळ हौसेचा नाही. २०१५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी एका जीप गाडीत इन्फोटेनमेंटच्या वाटेने दुरून शिरकाव करून दाखविला आणि त्यानंतर चौदा लाख वाहनांचे सॉफ्टवेअर दुरुस्त करावे लागले. मालकांना पेनड्राइव्ह टपालाने पाठविण्यात आले होते.

आता फोन तारेने जोडला की त्यातील ताजा नकाशा माझ्या पडद्यावर दिसतो. तरुण सहकारी म्हणतील, हे तर आम्ही कधीपासून करतो. करा, पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघांचा अंत झाला, आणि फोनमधील नकाशाने त्यांना तिकडे नेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. रस्त्यावर अडथळा उभा करणे ही पहिली जबाबदारी, ती शासनाची. परंतु पूल किंवा रस्ता बंद झाला की त्याच दिवशी नकाशे बनविणाऱ्यांना कळविणे बंधनकारक असावे, आणि आपल्यासारख्या मंडळांनी ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी, असे मला वाटते. मसुदा मी तयार ठेवला आहे.

आमच्या दवाखान्यात दर महिन्याच्या एक तारखेला सिस्टर आपत्कालीन ट्रेमधील औषधांच्या मुदती तपासून वहीत सही करतात. गेल्या महिन्यापासून त्या यादीच्या तळाशी मी "डॉक्टरांची गाडी: नकाशा, सॉफ्टवेअर" अशी एक ओळ वाढविली आहे. पहिल्याच महिन्यात त्या ओळीपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढून वही माझ्यासमोर ठेवली. मी खाली जाऊन तारीख पाहून आलो आणि सही केली.