दोन आण्यांचा व्यायाम

माझा उत्साही माणसांवर राग आहे. हे वाक्य मी रागाच्या भरात लिहिलेलं नाही. रविवारी सकाळी, दुसरा चहा घेऊन झाल्यावर, शांतपणे लिहिलेलं आहे. आळशी माणसाचं मी समजू शकतो. त्याचा समाजाला फारसा उपद्रव नसतो. तो पडलेला असतो, आणि पडलेला माणूस सहसा कुणाच्या अंगावर धावून येत नाही. उत्साही माणूस येतो. पहाटे पावणेसहाला जिन्यात गाठतो. दूध आणायला निघालेल्या माणसाला, म्हणजे मला, अंगात बनियन आणि हातात पिशवी अशा अवस्थेत पकडतो, वेळ सोडून बाकी सगळं सांगणाऱ्या आपल्या मनगटी घड्याळाकडे बघतो आणि विचारतो, "मग? आज किती झाली?"

पावलं, असं त्याला म्हणायचं असतं.

आमच्या शाखेत अशी तीन माणसं आहेत. शाखेत एकूण माणसं अकरा. म्हणजे सत्तावीस टक्के. एवढी कर्जं थकली असती तर रिझर्व्ह बँकेने आमच्या दाराला कुलूप घातलं असतं. उत्साहाच्या थकबाकीवर मात्र अजून कुणाचं नियंत्रण नाही. आणि उत्साह थकतो हो! अगदी नियमितपणे थकतो. माणसाचा व्यायाम बंद पडतो तो आळसामुळे नव्हे, उत्साहामुळे, असा माझा सिद्धांत आहे आणि तो मी स्वखर्चाने सिद्ध केलेला आहे.

खर्चाचा तपशील असा. चाळिसावा वाढदिवस झाला त्या महिन्यात मला माझ्या पोटाचा साक्षात्कार झाला. पोट आधीही होतं, पण तो मी शिंप्याचा दोष समजत होतो. भरात येऊन घराजवळच्या जिममध्ये वर्षाची फी भरली. महिन्याला पंधराशे, वर्षाचे एकदम भरले तर बारा हजार. म्हणजे सहा हजारांची सूट. सूट दिसली की कॉमर्सच्या पदवीधराची बुद्धी फिरते. पहिल्या दिवशी मी दोन तास व्यायाम केला. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना. तिसऱ्या दिवशी काउंटरवर एका आजींना पासबुक परत देताना मी असा काही कण्हलो, की त्यांनीच मला विचारलं, "बरं वाटत नाही का रे बाळा?" एकूण हजेरी नऊ दिवस. बारा हजार भागिले नऊ, म्हणजे दिवसाला तेराशे तेहतीस रुपये तेहतीस पैसे. एवढ्यात कोकणात खोली मिळते, समुद्रासकट.

पुढे मला त्या धंद्याचं गणित कळलं आणि मालकाबद्दल आदरच वाटला. सभासद रोज सगळेच्या सगळे आले तर तिथे उभं राहायला जागा उरणार नाही. जानेवारीत उत्साहाने पैसे भरून फेब्रुवारीत नाहीसे होणाऱ्या माझ्यासारख्यांच्या जिवावर उरलेल्या चौघांचा एसी चालतो. बँकही थोडीफार याच तत्त्वावर चालते म्हणा. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला आले तर आम्हीसुद्धा... पण ते जाऊ दे. अजून तेरा वर्षं नोकरी आहे.

उत्साहाला नेहमी मोठा आणि गोल आकडा लागतो. आता हे दहा हजार पावलांचंच घ्या. हा आकडा कुठल्या डॉक्टरने तपासून दिलेला नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, आणि १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव कानाला बरं वाटलं, आकडा गोल होता, झालं. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव म्हटलं असतं तर ते चपलांच्या दुकानातलं वाटलं असतं. पुढे ज्यांनी खरोखर मोजदाद केली, त्यांना चालण्याचा फायदा दहा हजारांच्या बराच आधी पदरात पडतो असं दिसलं. पण आमचे हेड कॅशियर रात्री साडेअकराला साडेनऊ हजार झाली म्हणून दिवाणखान्यात पाचशे पावलं येरझाऱ्या घालतात आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोप घालवतात.

पवित्र आकड्यांचंही तेच. सूर्यनमस्काराला माझा विरोध नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये तो रोज घालायला लावला. यातला 'रोज' हा शब्द जरा जपून ठेवा, पुढे लागेल. आमच्या सोसायटीत सूर्यनमस्कार वर्षातून एकदाच, रथसप्तमीला, पण एकशे आठ! दुसऱ्या दिवशी पंचांगाप्रमाणे भीष्माष्टमी असते. आमच्याकडे तर अर्धी सोसायटी त्या दिवशी शरपंजरी असते. रविवारी टेकडी चढून मग मिसळ हाणणाऱ्यांबद्दल मी जास्त बोलत नाही. अर्धा तास झपझप चाललं की शंभर-दीडशे कॅलरी जातात आणि एक वडापाव त्याच्या दुपटीने परत आणून देतो, एवढी खतावणी त्यांनी एकदा मांडावी.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ व्यायामाच्या विरुद्ध आहे. नाही हो. मी व्यायामाच्या बाजूने भांडतोय, आणि माझा मुख्य साक्षीदार घरातच आहे.

माझे वडील, आप्पा, एसटीत कंडक्टर होते. आता कंडक्टरांचं शास्त्रात मोठं नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचा एक अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर तिकिटं देत वरखाली, रोज पाचशे-सातशे पायऱ्या. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त, कंडक्टरांना कमी! त्यांनी पोस्टमन आणि कारकून यांचीही तुलना केली, तीत कारकून हरले. हे वाचून मी खुर्चीतून ताडकन उठलो होतो, आणि कशासाठी उठलो ते न आठवल्यामुळे परत बसलो.

शंकेखोरांना जी शंका येईल ती त्या डॉक्टरांनाही आली. १९५६ साली त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं काढली, तर ड्रायव्हर मुळात तरुणपणापासूनच कमरेने मोठे निघाले. म्हणजे थोडा दोष सीटचा, थोडा कमरेचा. पण पुढच्या सत्तर वर्षांत जगभर जी तपासणी झाली तिने मूळ नोंद काही खोडली नाही. मॉरिससाहेब स्वतः नव्व्याण्णव वर्षं जगले आणि २००९ साली गेले.

एसटीला वरचा मजला नसतो. पण आषाढीला पंढरपूरच्या गाडीत दारापासून मागच्या सीटपर्यंत जाऊन परत येऊन दाखवावं कुणीही. आप्पांनी हा व्यायाम तीस वर्षं पगार घेऊन केला. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि खुर्चीत बसले. "आयुष्यभर उभा होतो, आता बसतो," असं ते म्हणाले, आणि त्याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. सतरा वर्षं बसले.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ते न्हाणीघरात पाय धुवायला खाली बसले, आणि त्यांना उठता येईना. घसरले नव्हते, लागलं नव्हतं. नुसतं उठता येईना. हाक ऐकून मी गेलो. माझं वजन तेव्हा ब्याऐंशी किलो, त्यांचं चोपन्न. मी मागून काखेत हात घातले, एक-दोन-तीन म्हटलं, आणि तीनला माझ्याच कमरेत उसण भरली. आता खाली दोघं. आप्पा भिंतीला टेकून, मी बादलीला धरून. फोन बाहेर टेबलावर, बायको बाजारात. आम्ही बापलेक पाऊण तास ओल्या फरशीवर बसून होतो. मधे एकदा आप्पा म्हणाले, "राहू दे रे. येईल कुणीतरी." ते इतकं शांतपणे म्हणाले, की मला जिममध्ये कधी फुटला नव्हता असा घाम फुटला.

आला तो सिलेंडरवाला. दार नशिबाने नुसतं लोटलेलं होतं. पन्नासेक किलोचा पोरगा असेल. खांद्यावरचं सिलेंडर त्याने उतरवलं, आवाजाच्या रोखाने आत आला, "काका, जरा बाजूला व्हा" म्हणाला, आणि आप्पांना सिलेंडरपेक्षा पुष्कळ हळुवारपणे उचलून खुर्चीत बसवलं. मग मला हात दिला. मग पावतीवर सही घेतली. (त्याची पाठ पन्नाशीत काय म्हणेल, हा वेगळा विषय आहे. तीन मजले चढून ओझी वाहण्याला मी व्यायाम म्हणणार नाही.)

पोट दिसतं म्हणून व्यायाम करा, असं सांगणारे मला शंभर भेटले. पुढेमागे न्हाणीघरात खाली बसलात तर उठायचं आहे आणि त्याच्याही आधी बापाला उठवायचं आहे, म्हणून करा, असं सांगणारा एकही भेटला नाही. ही माझी उत्साही मंडळींवरची खरी फिर्याद. ही माणसं पावलं मोजतात, पदकं गळ्यात घालून फोटो टाकतात, आणि जे मोजायचं ते मोजत नाहीत. चाळिशीनंतर स्नायू न सांगता कमी होत जातात. खात्यातून एसएमएसचे पैसे कापले जातात ना, तसे. फिरायला जाऊन फक्त चालणाऱ्यांचेही जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दोन गोष्टी सांगितल्या: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दम लागेलशी हालचाल, आणि आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पहिलं कलम सगळ्यांना पाठ असतं. दुसऱ्या कलमावर आमच्याकडे कर्जाच्या फॉर्मवर करतात तशी न वाचता सही. दीडशे भागिले सात म्हणजे साडेएकवीस मिनिटंसुद्धा होत नाहीत. शिवाय काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, हेही त्यांनी स्वच्छ लिहिलंय. हे वाक्य कुठल्याही जिमच्या भिंतीवर मी अद्याप वाचलेलं नाही.

कमरेला शेक घेत पडल्यापडल्या मला जे सुचलं ते बँकेच्या भाषेतच सुचलं. व्यायाम ही मुदत ठेव नाही. तीस वर्षं भरून ठेवली आणि म्हातारपणी व्याजावर बसलो, असं चालत नाही. आप्पांनी ते करून बघितलं. व्यायाम ही पिग्मी आहे. १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने रोजच्या कमाईवर जगणाऱ्या लोकांच्या दारात जाऊन दिवसाला दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. त्याची पुढे सिंडिकेट बँक झाली, आणि २०२० साली ती कॅनरा बँकेत विलीन झाली. पण पिग्मी शब्द आपल्याकडच्या पतपेढ्यांत आणि बाजारपेठांत अजून ठणठणीत आहे. पिग्मी एजंट कधी उत्साहात असलेला पाहिलाय तुम्ही? चेहरा कोरा, हातात मशीन. "शेठ, पिग्मी." आज मूड आहे का, असं तो विचारत नाही. रथसप्तमीला एकशे आठ हप्ते मागत नाही. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी येतो, कालचं काढत नाही. दुकानदारही भाषण न करता शंभराची नोट काढून देतो आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळतो.

मी तसंच चालवलंय. संध्याकाळी दोन स्टॉप आधी उतरतो, बावीस मिनिटं लागतात. सोमवारी आणि गुरुवारी खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाण्याचे दोन कॅन घेऊन जिना. त्याआधी डॉक्टरांना एकदा विचारलं. सत्तेचाळिशीत प्रेशर, शुगर, छाती यांची परवानगी घेणं बरं. तीन वर्षांत वजन तीन किलो उतरलं. पोट जागेवर आहे. पण सत्यनारायणाला मी मांडी घालून बसतो आणि कुणाच्या खांद्याला न धरता उठतो, याची नोंद पाहुण्यांत झालेली आहे.

आप्पांना पटवणं कठीण गेलं. "अठ्ठ्याहत्तरीत काय पैलवान करतोस मला?" मग मी त्यांना बोस्टनची हकिगत सांगितली. १९९० साली तिथल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली, आणि त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. आप्पांनी ऐकून घेतलं, आणि विचारलं, "जायचं-यायचं भाडं कुणी दिलं?" पण दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून एकदा उठले. महिन्याने तीनदा. आता आठ वेळा उठतात, एका हाताने, आणि दर वेळी उभं राहिलं की तोंडाने "टिंग टिंग" अशी डबल बेल देतात.

काल शाखेत ऑडिट होतं. वार गुरुवार. घरी यायला साडेनऊ झाले. हातपाय धुऊन थेट पानावर बसणार, तोच आतल्या खोलीतून आवाज आला, "सुट्टे काढा, सुट्टे!"

"आप्पा, आज राहू द्या ना. दमलोय."

"पाठीमागे सरका, दारात उभं राहू नका," आप्पा म्हणाले. मी ताटावर ताट झाकलं आणि खुर्ची ओढून घेतली.