पडद्यावरील डाग

लॅपटॉप उघडताच पडद्यावर कळांच्या चौकोनी खुणा दिसल्या, की आम्ही यंत्राला दोष देतो. वस्तुतः त्या खुणा बहुधा आमच्याच बोटांच्या तेलकट मळाच्या असतात. दप्तरात पुस्तके व डबा यांच्या दाटीत झाकण दाबले जाते, कळा पडद्यास टेकतात आणि मळ तेथे उतरतो. मध्ये वाळूचा कण सापडला, तर डागाचा ओरखडा होतो. आणि ओरखडा पुसता येत नाही.

यावर कित्येकजण आत जाड फडके घालून झाकण मिटतात. हा इलाज आम्हांस रोगाहून भयंकर वाटतो. आतील फट इतकी अरुंद असते, की कॅमेऱ्यावर आवरण लावणारांस ॲपल कंपनीने २०२० साली साध्या कागदाच्या, म्हणजे ०.१ मिलिमीटर जाडीची मर्यादा सांगितली. जाड फडक्याने पडदा तडकण्याचेच भय.

तेव्हा हात धुऊन कामास बसावे, यंत्र बंद करून कळा व पडदा मऊ, कोरड्या फडक्याने पुसावा, आणि दप्तरात लॅपटॉपवर भार पडू देऊ नये. पाटी पुसूनच दप्तरात ठेवावी, ही शिस्त वडीलधाऱ्यांनी आम्हांस लावली होती. यंत्र नवे असले, तरी शिस्त तीच पुरे आहे.