रात्रीची गाडी आणि घरचा फोन




गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट आहे. शाळेच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची तालीम लांबली आणि सव्वानऊ वाजले. बहुतेक मुलींचे वडील स्कूटर घेऊन फाटकाशी उभे होते. अकरावीतल्या एका मुलीचे वडील गावाला गेलेले, म्हणून आईने घरूनच मोबाईलवर टॅक्सी बोलावली आणि मुलीला सांगितले, "पांढरी गाडी येते आहे, बसून ये." पांढरी गाडी आली, मुलगी बसली. दोन चौक गेल्यावर आईचा फोन, "अगं, ड्रायव्हर विचारतोय सवारी कुठे आहे?" म्हणजे मुलगी भलत्याच गाडीत बसली होती! तिने एका मेडिकल स्टोअरसमोर गाडी थांबवायला लावली आणि उतरली. तो गाडीवालाही फसलेलाच होता. जवळच्या हॉटेलातल्या पाहुण्या बाईंना न्यायला तो आला होता, आणि "शाळेच्या फाटकाशी एक मॅडम उभ्या असतील" एवढेच त्याला सांगितलेले होते. मुलगी सुखरूप घरी पोचली.

(वर 'सवारी' लिहिले खरे. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले, मराठी आम्ही घरी आजीकडून शिकलो. असा एखादा शब्द डोकावला तर मराठीच्या बाईंनी कृपया लाल पेन उचलू नये.)

हे सगळे आम्हाला आठ दिवसांनी, तेही तिच्या मैत्रिणीकडून कळले. मुलीला बोलावून विचारले, की बाळ, शाळेत का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "सर, तुम्ही बाबांना सांगितलं असतं. बाबांनी तालीमच बंद केली असती." आईनेही वडिलांना काही सांगितले नव्हते. एका घरात दोघी जणी एक गोष्ट लपवून आठ दिवस बसल्या होत्या, आणि त्यात दोघींचाही अपराध काही नव्हता.

अपराध असलाच तर पहिला आमचा. सव्वानऊपर्यंत मुलांना थांबवून घेतले कुणी? शाळेनेच.

रात्री एकटीने टॅक्सीने जाणे हा विषय निघाला की आपल्याकडे पहिला उपाय एकच सुचतो, 'सातच्या आत घरात'. आम्हीही तो अनेक वर्षे सुचवला आहे. पण पालकहो, आता बघा. भंवरकुआंच्या कोचिंगची शेवटची बॅच संध्याकाळी उशिरा सुटते. आपल्या माजी विद्यार्थिनी पुण्याला, हैदराबादला नोकरीला आहेत, त्यांची शिफ्ट मध्यरात्री संपते. पुण्याहून यायचे विमान रात्री उशिराचे असेल तर ते काही सातच्या आत उतरत नाही. रात्री जावे लागणारच आहे. तेव्हा ते मूल कसे जाते, ते आपल्याला माहीत असते का, एवढाच प्रश्न उरतो. इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षे पहिले आले, सराफ्यात रात्री बारालाही जत्रा भरलेली असते, म्हणून आपले शहर सुरक्षितच, असे काही पालक म्हणतात. सराफ्यात गर्दी असते हे खरे. पण मूल राहते ते कॉलनीतल्या मागच्या गल्लीत, आणि तिथे त्या वेळी कुत्र्यांशिवाय कुणी नसते.

आमचा टॅक्सीला विरोध नाही, हे आधीच सांगतो. आमच्या लहानपणी राजवाड्याहून घरी यायला टांगा नाहीतर टेम्पो असे. टांगेवाला वडिलांना नावाने ओळखायचा, हीच काय ती हमी. आज ओळख नाही, पण लेखी पुरावा टांग्यापेक्षा जास्त आहे. ड्रायव्हरचे नाव, फोटो, गाडीचा नंबर, कोणत्या रस्त्याने गेली, किती वाजता सोडले, सगळे नोंदले जाते. आपल्याच शाळेतल्या एका विद्यार्थ्याचे वडील रात्रपाळीत टॅक्सी चालवतात. या लेखासाठी आम्ही त्यांना मुद्दाम चहाला बोलावले. ते म्हणाले, "सर, लोग गाड़ी का रंग देखते हैं. रंग से क्या होता है? नंबर देखो." इंदुरात पांढऱ्या गाड्या किती, हे कुणी मोजायला बसू नये! पाटीचा रंग मात्र पाहावा. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात, विजेवर चालणाऱ्या टॅक्सीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी. मोबाईलवर आलेला नंबर आणि पाटीवरचा नंबर शेवटच्या चार आकड्यांपर्यंत जुळला पाहिजे. मग ड्रायव्हरचा चेहरा फोटोशी ताडून पाहायचा. एक जरी जुळले नाही तरी बसायचे नाही, मग तो कितीही सांगो की "मैडम, वो गाड़ी भैया की है, आज मैं चला रहा हूँ."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. काही ड्रायव्हर फोन करून म्हणतात, राइड कॅन्सल करा, मी तेवढ्याच पैशांत नगद नेतो. मुलांना वाटते, काय फरक पडतो, दहा-वीस रुपये वाचतील. पण कॅन्सल केले की वर सांगितलेली सगळी नोंद तिथेच संपली. तुम्ही त्या गाडीत आहात हे जगात कुणालाच माहीत नाही. असा फोन आला तर ती राइड सोडून द्यावी, दुसरी बोलवावी, दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल.

गाडी आली की "तुम्ही अमुकसाठी आलात ना?" असे आपले नाव सांगून विचारू नये. कुणीही "हो" म्हणेल! "किसको लेने आए हो?" असे विचारावे, आणि नाव त्याच्या तोंडून येऊ द्यावे. ही साधी गोष्ट अमेरिका एका मोठ्या दुःखातून शिकली. २०१९ च्या मार्चमध्ये साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरात विद्यापीठातली एक विद्यार्थिनी रात्री आपली बोलावलेली गाडी समजून दुसऱ्याच गाडीत बसली. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेले होते, दार आतून उघडलेच नाही. तिचा खून झाला. मारेकऱ्याला २०२१ मध्ये जन्मठेप झाली. तेव्हापासून तिथे मुलांना शिकवतात की बसण्याआधी ड्रायव्हरला विचारा, माझे नाव काय? आपल्या शाळेची कितीतरी मुले आज तिकडे शिकत आहेत, त्यांच्या आईवडिलांनी हे जरूर कळवावे. दार उघडले की दाराच्या कडेला ती चाइल्ड लॉकची छोटी खिट्टी असते. ती कशी दिसते हे आपल्याच घरच्या किंवा शेजारच्या गाडीत एकदा मुलांना दाखवून ठेवा.

गाडीत ड्रायव्हरबरोबर दुसरा कुणी बसलेला असेल तर मुळीच बसू नये. "दोस्त है, आगे उतर जाएगा" असे म्हटले तरीही. पुण्याला २००७ च्या नोव्हेंबरमध्ये एका कंपनीतली तरुणी रात्रपाळीला निघाली होती. गाडी कंपनीने ठरवलेली होती, पण ड्रायव्हरसोबत त्याचा मित्रही होता. पुढे काय झाले ते मोठ्या मुलांना माहीत असेल, लहानांसाठी इथे लिहीत नाही. दिल्लीत २०१४ च्या डिसेंबरमध्ये ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत असेच घडले. ती प्रवासी थकून गाडीत झोपी गेली होती, आणि ड्रायव्हरची पोलीस पडताळणी धड झालेली नव्हती. झोप लागणे हा गुन्हा नाही, दमलेल्या माणसाला झोप लागतेच. तरी रात्री गाडीत एकट्याने जागे राहावे, मागच्या सीटवर बसावे, आणि आपल्या फोनवरही रस्त्याचा नकाशा उघडा ठेवावा.

मुलांनो, तुम्ही हसू नका, हे तुम्हालाही लागू आहे. बाइक टॅक्सी स्वस्त म्हणून तुम्ही रात्री सर्रास तीच बोलावता. ड्रायव्हरने दिलेले हेल्मेट घालायला तुम्हाला लाज वाटते, आणि सुनसान रस्त्यावर मोबाईल हातात धरून उभे राहता.

आता पालकांसाठी. अठरा वर्षांखालील मुलांना या सेवांचे साधे खाते स्वतःच्या नावाने उघडता येत नाही. म्हणून गाडी आई-बाबांच्या फोनवरून येते, आणि घोळ इथूनच सुरू होतो. नंबर, फोटो, ओटीपी सगळे तुमच्या फोनवर, आणि मूल रस्त्यावर. मग तुम्ही त्याला सांगता काय, तर "पांढरी गाडी"! अनेक ॲपमध्ये दुसऱ्यासाठी गाडी बोलावायची सोय असते, तिथे मुलाचा नंबर टाका. ते जमत नसेल तर पडद्याचा फोटो काढून मुलाला पाठवा. ओटीपी मुलाने गाडीचा नंबर पाहिल्यावरच द्यावा, आधी फोनवर कुणालाही नाही. गाडी येईपर्यंत मुलाने दुकानात किंवा फाटकाच्या आत, उजेडात थांबावे.

अडचणीत ११२. मध्य प्रदेशात पूर्वी १०० होता, ऑगस्ट २०२५ पासून ११२ आहे. १ जानेवारी २०१७ नंतर विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये संकटाचे बटण असणे सक्तीचे आहे. कुठे पॉवर बटण तीनदा दाबायचे, कुठे पाचदा, तर साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचे. तुमच्या फोनवर काय आहे ते आजच घरी बसून पाहून ठेवा.

पण खरे सांगू का? ही सगळी बटणे दाबून पलीकडे कुणीतरी असावे लागते. 'ट्रिप शेअर करा' असे ॲप म्हणते. कुणाशी? त्या मुलीने बाबांशी शेअर केली नसती, कारण पहिला प्रश्न आला असता, "इतक्या रात्री तू तिथे काय करत होतीस?" ज्या घरात हा प्रश्न पहिला येतो, त्या घरातले मूल लिंक पाठवत नाही. ते मैत्रिणीला पाठवते, मैत्रीण झोपलेली असते. म्हणून आमची पालकांना हात जोडून विनंती आहे. मुलाशी एक करार करा. रात्री कितीही वाजता, कुठूनही फोन आला तर त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. येऊन घेऊन जाऊ, किंवा घरी पोचेपर्यंत फोनवर बोलत राहू. विचारायचे ते दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर. काही वडील म्हणतील, अशाने मुले शेफारतील. शेफारली तर ती आमच्याकडे पाठवा, आम्ही पाहून घेऊ. पण फोन करायला घाबरलेल्या मुलाला शाळा काही करू शकत नाही.

विश्वस्त मंडळाला नम्र विनंती. तालमी साडेसातला संपाव्यात आणि त्यानंतर थांबावे लागले तर शाळेची व्हॅन मुलांना घरपोच सोडेल, असा प्रस्ताव आम्ही गेल्या बैठकीत ठेवला होता. डिझेलचा आणि ड्रायव्हरच्या जादा वेळेचा खर्च मंडळाला जास्त वाटला. आम्हाला मंडळाची अडचण समजते, शिल्लक किती आहे हे आम्हीही पाहतो. तरी स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आपण जो खर्च करतो त्यातली एक कमान कमी केली तर दहा-पंधरा रात्रींचे डिझेल निघेल, असा आमचा हिशेब आहे. तो कागद आम्ही पुढच्या बैठकीत पुन्हा ठेवणार आहोत.

व्हॅन होईल तेव्हा होईल. या सत्रापासून फाटकाशी एक रजिस्टर ठेवले आहे. संध्याकाळी सातनंतर कोणतेही मूल भाड्याच्या गाडीने निघाले तर वेळ, गाडीचा नंबर आणि घरचा फोन त्यात लिहायचा. घरी पोचल्याचा फोन आला की त्यापुढे खूण करायची. शेवटची खूण होईपर्यंत एक शिक्षक शाळेत थांबेल. पहिल्या आठवड्यात आम्ही स्वतः थांबणार आहोत, तेव्हा पालकांनी पोचल्याचा फोन विसरू नये, आम्हालाही घरी जेवायला जायचे असते.