शाळेचा बँड कुणाचा?

ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी कुणी सापडत नाही. आम्ही शाळेच्या मैदानावर असतो. कॅलिफोर्नियातल्या एका उपनगरातली ही सरकारी हायस्कूल आहे. माझी मुलगी तिथे अकरावीत आहे आणि मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. अमेरिकन फुटबॉल मला अजूनही पुरता कळत नाही. चार डाउन आणि दहा यार्ड एवढ्या भांडवलावर मी टाळ्या वाजवतो. हाफटाइमला मात्र मी उभा राहतो. शंभरेक मुलं वाजवत वाजवत मैदानात शिरतात, रांगा वळतात, मोडतात, पुन्हा जुळतात, आणि एवढ्या गर्दीतही मला माझी क्लॅरिनेट बरोबर दिसते.

मी सांगलीच्या शाळेत शिकलो. पी.टी.चा तास गणिताच्या सरांनी पळवायचा, हा तिथला अलिखित नियम होता. गॅदरिंगच्या आधी तीन आठवडे लेझीम, आणि पंधरा ऑगस्टला समूहगीत. गाणं शिकायचं तर क्लास लावायचा, आणि क्लास लावायचा तर घरात आधी पेटी हवी. आमच्या घरात ती नव्हती, म्हणून गाणं आपल्यासाठी नाही हे मी आठव्या-नवव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. इथे बँड हा वेळापत्रकातला विषय आहे. त्याला ग्रेड मिळते आणि ज्याच्याकडे वाद्य नाही त्याला शाळा वापरायला देते. मुलीला पाचवीत शाळेची क्लॅरिनेट मिळाली, त्या दिवशी तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता.

आता माझी चूक सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी मी बँडच्या पालक-संघटनेचा खजिनदार झालो. बसचं भाडं, गणवेशांची धुलाई, स्पर्धांची प्रवेश फी, ड्रमलाइनच्या प्रशिक्षकाचं मानधन, असे खर्च शाळेच्या बजेटमध्ये बसत नाहीत. ते पालक उचलतात. दर मुलामागे १,२०० डॉलरचा 'वाटा' ठरला होता. पत्राच्या तळाशी 'ही देणगी ऐच्छिक आहे' अशी एक ओळ होती, बारीक अक्षरात. ऑक्टोबर उजाडला तरी निम्म्याच घरांनी पैसे भरले होते. मी संशोधक माणूस, स्प्रेडशीट हा माझा स्वभावच. मी बैठकीत सुचवलं की ज्यांची बाकी आहे त्यांना दर आठवड्याला रकमेसह आठवण पाठवू. सगळ्यांना ते पटलं. ईमेल माझ्याच नावाने गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, तुझी ईमेल तिच्या आईला गेली. तिने ट्रम्पेट परत केली."

"तिला कुणी काढलं का?"

"नाही. पण ईमेल तर आली ना."

त्या मुलीची आई रात्री ऑफिसं साफ करते, हे मला नंतर कळलं. माझ्या तक्त्यात तिच्या नावापुढे फक्त '१,२००' होतं. 'भरले नाहीत' याचा अर्थ 'भरायचे नाहीत' असा मी परस्पर लावून टाकला होता. लॅबमधल्या एखाद्या विद्यार्थ्याने इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. मी तिच्या आईला माफीचं पत्र लिहिलं, ईमेल बंद केल्या. पण ती मुलगी त्या सीझनला परत आली नाही.

मग मी जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. १९८० च्या सुमारास सांता बार्बराच्या शाळांनी पैशांच्या टंचाईमुळे खेळ, गायन, वादन आणि नाटक यांसाठी २५ डॉलर फी लावली. गरीब मुलांना माफीची सोयही ठेवली. एक पालक कोर्टात गेली. १९८४ मध्ये 'हार्टझेल विरुद्ध कॉनेल' या खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की राज्यघटनेतल्या मोफत शाळेच्या हमीत संगीत आणि खेळही येतात. ते शिक्षणाचेच भाग आहेत, म्हणून त्यांना फी लावता येणार नाही. माफीची सोय आहे हा बचावही कोर्टाने मानला नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. गरिबीचा दाखला देऊन मिळवलेली सवलत आणि हक्क यांत फरक आहे. तो फरक चौदा वर्षांच्या मुलीला बरोबर समजतो, आपल्याला कोर्टाने समजावून सांगावा लागतो. एवढं होऊनही शाळा पैसे मागतच राहिल्या, म्हणून २०१२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. खरी ऐच्छिक देणगी चालते, फी चालत नाही. माझ्या साप्ताहिक ईमेल यांपैकी कशात मोडतात ते तुम्हीच ठरवा.

पैसे मुळात कमी का पडतात, हेही पाहायला हवं. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने कॅलिफोर्नियात मालमत्ता कराचा दर एक टक्क्यावर बांधला. घराचं करपात्र मूल्य खरेदीच्या किमतीवर ठरतं आणि वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढतं. शाळांचं स्थानिक उत्पन्न घटलं, आणि काटछाट करायची वेळ आली की अनेक ठिकाणी पहिली कुऱ्हाड संगीतावर पडली. २०२२ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २८ मंजूर करून कला आणि संगीतासाठी वेगळा निधी मिळवून दिला. मोठ्या जिल्ह्यांत त्यातला किमान ८० टक्के भाग शिकवणाऱ्या माणसांवरच खर्च करावा लागतो. ते योग्यच आहे, पण बसचं भाडं उरतंच. जिल्ह्याला स्वतःचा पार्सल टॅक्स लावायचा तर दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणजे घरी बसून राहणाऱ्या आपल्यासारख्या प्रत्येक मतदाराला किंमत आहे.

आपल्या लोकांत मी दोन युक्तिवाद ऐकतो. पहिला: "आम्ही आमच्या मुलाचे भरतो, दुसऱ्यांचे का भरायचे?" दुसरा: "ऐच्छिक आहे ना, मग कशाला भरा? तेवढ्यात खाजगी व्हायोलिन शिक्षक येतो, कॉलेजच्या अर्जातही बरं दिसतं." दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: कला आणि खेळ ही ज्याच्या त्याच्या घराची मिळकत आहे. ही समजूत आपण गावाहून सोबत आणली. खरं तर ती मोडायचा प्रयत्न आपल्याकडेही झालेला आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते राजाश्रयावर नव्हे तर लोकांच्या देणग्यांवर. घराण्यांच्या उंबऱ्याआड असलेलं गाणं त्यांनी शाळेत आणलं. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. मग इथल्या शाळेच्या बँडशी आपलं नातं फक्त स्वतःच्या मुलापुरतं कसं?

मैदानावरचं दारही असंच, कायद्याने उघडलेलं आहे. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये तीन लाखांहूनही कमी मुली खेळत होत्या. १९७२ मध्ये टायटल नाइन आला. आज ती संख्या ३४ लाखांच्या वर आहे. आपल्या मुली सॉकर खेळतात त्याची किंमत कुणीतरी आधीच मोजून ठेवली आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ज्यांना झेपतं त्यांनी स्वतःच्या वाट्यापेक्षा थोडं जास्त भरावं, आणि ते सगळ्यांच्या गंगाजळीत, नाव न लावता. कुणी किती भरले हे खजिनदाराशिवाय कुणालाही कळू नये, आणि खजिनदारानेही त्या तक्त्याकडे पाहून कुणाची पारख करू नये. 'ऐच्छिक' ही ओळ पत्राच्या वर आणि मोठ्या अक्षरात छापावी. आमच्या संघटनेत आता तसं होतं. पहिल्या वर्षी जमा थोडी घटली, आम्ही एक स्पर्धा सोडली. जगबुडी आली नाही. ज्यांच्याकडे नागरिकत्व आहे त्यांनी पार्सल टॅक्सला मत द्यावं. जे व्हिसावर आहेत तेही स्कूल बोर्डाच्या बैठकीत उभं राहून बोलू शकतात, कर तर आपण सगळेच भरतो.

आणि कधीतरी मॅचला या, तुमचं मूल बँडमध्ये नसलं तरी. मी तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्टॉलवर नाचोज विकत असतो. रोख पैसे आणा, सुटे माझ्याकडे कधीच नसतात.