कौम म्हणजे नेमके कोण?

घरात लग्नाची बोलणी निघाली की वडीलधारी माणसे पहिला प्रश्न विचारतात, "लडका अपनी ही कौम का है ना?" इथे कौम म्हणजे बिरादरी. बागवान, कुरेशी, मोमीन, तांबोळी, अत्तार, जी असेल ती. निवडणूक आली की व्यासपीठावरून हाक येते, "अब कौम को एक होना चाहिए." इथे कौम म्हणजे सारे मुसलमान. आणि 15 ऑगस्टला उर्दू शाळेच्या मैदानावर सूत्रसंचालन करणारा मुलगा सांगतो की आता 'कौमी परचम' फडकवला जाईल आणि नंतर 'कौमी तराना' होईल. इथे कौम म्हणजे सारा भारत देश.

शब्द एकच, आणि वापरणारी माणसेही बहुधा तीच. दिवाणखान्यात तो चार घरांएवढा लहान होतो, सभेत मोहल्ल्यांएवढा मोठा होतो आणि झेंड्याखाली देशाएवढा. आपल्या कानांना याची इतकी सवय झाली आहे की यात काही वेगळे आहे असे आपल्याला वाटतच नाही. मुलांना मात्र ते जाणवते. वर्गात उर्दूतून मराठीत अनुवाद करायला दिला होता. 'मोर हमारा कौमी परिंदा है' या साध्या वाक्याचा अनुवाद एका विद्यार्थ्याने 'मोर हा आपल्या समाजाचा पक्षी आहे' असा केला. वर्ग हसला. आम्हाला मात्र त्या मुलाचे कौतुक वाटले. त्याने घरी ऐकलेला अर्थ प्रामाणिकपणे वहीत उतरवला होता.

हा शब्द अरबी. काफ, वाव, मीम ही त्याची मूळ अक्षरे. 'कयाम' आणि 'कायम' हे शब्द याच कुळातले. उभे राहणे हा मूळ अर्थ. त्यावरून एकत्र उभी राहणारी, एकमेकांच्या मदतीला धावणारी माणसे ती कौम. पवित्र कुरआनात सूरह हुजुरातमध्ये एका कौमने दुसऱ्या कौमची थट्टा करू नये असे बजावले आहे आणि लगेच पुढे स्त्रियांनीही स्त्रियांची थट्टा करू नये असे सांगितले आहे. म्हणून भाष्यकार म्हणतात की तिथे कौम म्हणजे पुरुषमंडळी. इतका हा शब्द मुळात साधा आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ह. नूह (अ.), ह. हूद (अ.), ह. सालेह (अ.) यांनी आपल्या लोकांना हाक मारली ती 'माझी कौम' म्हणूनच. त्या लोकांनी त्यांचे म्हणणे मानले नव्हते, उलट त्यांना खोटे ठरवले होते. तरीही हाक तीच राहिली. ह. हूद (अ.) यांना तर कुरआनाने आद लोकांचा भाऊ म्हटले आहे. म्हणजे कौम ठरायला श्रद्धा एकच असली पाहिजे, असे या वापरावरून दिसत नाही. एका भूमीवर, एका वस्तीत राहणारे लोकही कौम असतात.

आपल्या देशाच्या इतिहासात हा बारकावा फार मोलाचा ठरला. सर सय्यद अहमद खान यांनी 1884 साली पंजाबातील गुरदासपूरच्या भाषणात, एकाच भूमीवर राहणारे हिंदू आणि मुसलमान ही एकच कौम असल्याचे मांडले. त्यांच्याच इतर भाषणांत आणि लेखांत मात्र हा शब्द केवळ मुसलमानांसाठी येतो. जुन्या उर्दू महसुली कागदांत, विशेषतः पंजाबात, 'कौम' या रकान्यात जात लिहिली जाई. तेव्हा ऐकणाऱ्याने संदर्भावरून अर्थ लावून घ्यायचा, अशीच रीत होती.

पुढे हाच शब्द मोठ्या वादाचे कारण झाला. जानेवारी 1938 मध्ये दिल्लीतील एका सभेत मौलाना हुसैन अहमद मदनी म्हणाले की आजच्या काळात कौम वतनावरून बनते. अल्लामा इक्बाल यांनी त्यावर जळजळीत काव्यातून टीका केली. मदनींचा खुलासा शब्दापाशीच होता: आपण 'कौम' म्हटले, 'मिल्लत' नव्हे. मिल्लत दीनवरून ठरते, कौम वतनावरूनही ठरू शकते. त्याच वर्षी त्यांनी 'मुत्तहिदा कौमियत और इस्लाम' हे पुस्तक लिहिले. मदिनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुसलमान आणि यहुदी यांना एका करारात बांधले होते, याचा दाखला त्यांनी दिला.

मार्च 1940 मध्ये तर एकाच आठवड्यात हा शब्द दोन टोकांना उभा राहिला. रामगढला काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून मौलाना अबुल कलाम आझाद 'मुत्तहिदा कौमियत' सांगत होते. काही दिवसांतच लाहोरला मुस्लिम लीगच्या अधिवेशनात महंमद अली जीना हिंदू आणि मुसलमान ही दोन वेगळी राष्ट्रे असल्याचे मांडत होते. उर्दूत त्या विचाराला 'दो कौमी नजरिया' असे नाव पडले. शब्दाच्या अर्थावरचे भांडण नुसते भाषेपुरते राहत नाही, हे सांगायला 1947 पुरेसे आहे.

स्वतंत्र भारतातल्या औपचारिक उर्दूने आपल्या बाजूने निकाल दिला आहे. आंतरराष्ट्रीय म्हणजे 'बैनुल-अकवामी'. संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे 'अकवाम-ए-मुत्तहिदा'. अकवाम हे कौमचेच अनेकवचन. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत मराठीत जिथे 'राष्ट्र' आहे, तिथे उर्दूत 'कौम' आहे. नोव्हेंबरमध्ये 19 ते 25 तारखेपर्यंत पाळला जाणारा 'कौमी एकता सप्ताह' तर सरकारीच आहे.

पण रस्त्यावरची भाषा वेगळी चालते. गुजरातीत 'कोमी' म्हणजे जातीय. दंगलीच्या बातमीत हटकून येणारा शब्द. मुंबईत गुजराती वर्तमानपत्र वाचणाऱ्या शेजाऱ्याने आपल्या मोहल्ल्यात 'कौमी' लिहिलेला फलक पाहिला, तर त्याच्या मनात काय येईल? आपण लिहिले 'राष्ट्रीय', त्याने वाचले 'जातीय'. चूक कोणाचीच नाही, पण गैरसमज मात्र खरा.

यात आपणच तेवढे वेगळे आहोत असेही नाही. मराठीतला 'समाज' हा शब्द पाहा. 'समाजसेवा' म्हणताना समाज म्हणजे सारे लोक. 'समाजाचा वधू-वर मेळावा' म्हणताना समाज म्हणजे एकच जात. 'जातीय सलोखा' या शब्दात जात म्हणजे धर्म. शब्दांचे असे आकुंचन-प्रसरण प्रत्येक भाषेत होते. त्यात वाईट काही नाही. धोका तेव्हा असतो, जेव्हा बोलणारा एकाच भाषणात अर्थ बदलतो आणि ऐकणाऱ्याला ते कळू देत नाही.

उदाहरणार्थ, "कौमसाठी कुर्बानी द्या" असे कोणी म्हणाले. आझाद हिंद फौजेच्या कूचगीतातही कौम आहे आणि तिथे ती सारा देश आहे. पण मोहल्ल्यातल्या सभेत हेच वाक्य आले तर विचारावे लागते: कोणती कौम? मते मागताना कौम म्हणजे सारे मुसलमान. निवडून आल्यावर शाळेची खोली, नळाचे पाणी, मुलींच्या वसतिगृहाची जागा मागायला गेलो की कौम आक्रसून पुढाऱ्याच्या नातेवाइकांपुरती उरते. "कौमची बदनामी होईल" म्हणून सासरी छळ सोसणाऱ्या मुलीला गप्प बसवले जाते, तेव्हा त्या कौममध्ये ती मुलगी असते की नसते? आणि बिरादरीबाहेरचे नेक, शिकलेले स्थळ परत पाठवताना, काल सभेत ज्या एका कौमसाठी टाळ्या वाजवल्या ती कुठे जाते?

सुनन इब्ने माजा या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. माणसाने आपल्या कौमवर प्रेम करणे ही असबियत, म्हणजे आंधळा गटाभिमान आहे का, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले गेले. उत्तर नकारार्थी होते. असबियत म्हणजे जुलमाच्या कामात आपल्या कौमची साथ देणे, असे आपण (स.) स्पष्ट केले. कौम लहान असो वा मोठी, बिरादरी असो, मिल्लत असो वा देश, ही कसोटी तिन्हींना सारखीच लागू पडते. प्रेम करायला मनाई नाही. जुलमात सामील होण्याला मनाई आहे.

म्हणून पालकांना आमची एक साधी सूचना आहे. घरात हा शब्द कानावर आला की मुलांना थांबवून विचारा, "इथे कौम म्हणजे कोण?" बिरादरीसाठी 'बिरादरी' म्हणावे, दीनी नात्यासाठी 'मिल्लत' किंवा 'उम्मत' म्हणावे, आणि देशासाठी बोलताना मराठीत बिनदिक्कत 'राष्ट्र' म्हणावे. तीन नात्यांना तीन शब्द आपल्या घरात आधीच आहेत. ते जागच्या जागी वापरायला शिकलेले मूल उद्या कोणत्याही सभेत बसले तरी आपल्या नावाने काय मागितले जात आहे, हे त्याला बरोबर कळेल.